पडदा उजळण्यापूर्वी : संगणकाच्या स्वपरीक्षेचा इतिहास

संगणक सुरूच होत नसेल, तर त्याचा पडदाही बहुधा काळाच राहतो आणि बिघाड सांगण्याचे मुख्य साधन नेमके गरजेच्या वेळी निरुपयोगी ठरते. १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या आयबीएमच्या ५१५० या वैयक्तिक संगणकात या अडचणीवर आवाजाचा उपाय योजलेला होता. त्याच्या मदरबोर्डवरील एका चिपमध्ये 'बायोस' हा आठ किलोबाइटचा कायमस्वरूपी कार्यक्रम होता. वीज मिळताच तो प्रथम प्रोसेसर, मग स्मृतीचे पहिले १६ किलोबाइट, त्यानंतर पडदा, कळफलक आणि फ्लॉपी अशी क्रमाने तपासणी करी. या तपासणीला 'पोस्ट', म्हणजे वीज मिळताच होणारी स्वपरीक्षा, असे नाव पडले.

सारे ठीक असल्यास एकच आखूड बीप वाजे. एक लांब आणि दोन आखूड बीप ऐकू आल्यास दोष पडद्याच्या कार्डाकडे शोधावा लागे. पडदा चालत असेल, तर त्यावर आकड्यांचा संकेत उमटे : २०१ म्हणजे स्मृती, ३०१ म्हणजे कळफलक, ६०१ म्हणजे फ्लॉपी. १९८४ च्या एटी या संगणकात यंत्राची मांडणी बॅटरीवर जपलेल्या स्मृतीत नोंदवण्याची सोय झाली आणि बॅटरी संपली की १६१ हा नवा संकेत दिसू लागला. शिवाय तपासणीच्या प्रत्येक टप्प्याचा क्रमांक ८० या षोडशमान पत्त्यावर पाठवला जाऊ लागल्यामुळे, तो वाचून दोन अंकी खिडकीत दाखवणारे 'पोस्ट कार्ड' दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाती आले.

त्याच वर्षी फिनिक्स या कंपनीने आयबीएमचा मजकूर न उतरवता त्याच्याशी सुसंगत असा स्वतंत्र बायोस इतर उत्पादकांना विकण्यास आरंभ केला. एएमआय आणि अवॉर्ड यांचेही बायोस रूढ झाले, तेव्हा बीपची भाषा एक राहिली नाही : एका कंपनीत निव्वळ बीप मोजायचे, तर फिनिक्समध्ये त्यांचे गट आणि मधले विराम ध्यानात घ्यायचे. त्यामुळे आवाजाचा अर्थ लावण्याआधी बायोस कोणाचा, हे ओळखणे भाग पडले.

निरनिराळ्या कंपन्यांचे भाग एकत्र जोडून केलेल्या, म्हणजेच 'असेंबल्ड' संगणकांत ही गोष्ट विशेष जाणवे. मुंबईतील लॅमिंग्टन रोडचा बाजार अशाच सुट्या भागांसाठी प्रसिद्ध झाला. रॅमची तक्रार सांगणारे बीप ऐकू आले, की वीज काढून रॅमची पट्टी उपसायची, तिच्या कडेचे सोनेरी संपर्क खोडरबराने हलकेच घासायचे, रबराचा चुरा झटकायचा आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या 'टक्' करून बसेपर्यंत ती पुन्हा दाबायची, हा कारागिरांचा पहिला उपाय असे. संपर्कावर साचलेला मळ निघून जोडणी पूर्ववत होत असल्याने, अनेकदा भाग न बदलताच काम भागे.

बायोसची जागा पुढे यूईएफआय या नव्या प्रणालीने घेतली आणि अनेक मदरबोर्डांवरून छोटा स्पीकर नाहीसा झाला. आता पुष्कळ मदरबोर्डांवर चार सूक्ष्म दिवे असतात. ते अनुक्रमे प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट साधन यांसाठी उजळतात, आणि जो दिवा पेटलेलाच राहतो तेथून शोध सुरू करायचा असतो. बीप जाऊन दिवे आले, तरी तपासणीचा मूळ क्रम १९८१ चाच आहे.