कोळशाची मोटार, मोहाचे स्पिरिट आणि करंजेल

सिकंदराबादहून उप्पलच्या दिशेने निघालात की वाटेत तारनाका लागतो. आता तिथे उड्डाणपूल आहे, २०१७ पासून मेट्रोही धावते, आणि चौकात उभे राहून रस्ता ओलांडायचा म्हणजे आमच्यासारख्या गोंयकाराचा जीव मुठीत. नावातला 'नाका' आपल्या ओळखीचा. पत्रादेवी, पोळे, मोले या नाक्यांवर आयुष्यातले कित्येक तास आपण घालवलेले आहेत. 'तार'चा उलगडा मात्र तिथल्या जुन्या लोकांनी केला. निजामाच्या काळी इथे एक बाग होती, तिला तारेचे कुंपण आणि कुंपणापाशी पहाऱ्याचा नाका. म्हणून तारनाका. उस्मानिया विद्यापीठ पलीकडेच असल्यामुळे मराठवाड्यातून शिकायला आलेल्या पिढ्यांना हा भाग परिचयाचा. १९५६ पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे सगळे जिल्हे हैदराबादशीच जोडलेले होते, हे गोव्यातील तरुण वाचकांना मुद्दाम सांगावे लागते.

याच तारनाक्यावर एक मोठी सरकारी रसायनसंस्था आहे. तिच्या आवाराबाहेर फुटपाथवर करंजाच्या शेंगा पायाखाली चुरडल्या गेल्या आणि डोक्यात एक विषय घोळू लागला. हल्ली 'हरित इंधनावरची मोहीम' अशा बातम्या वरचेवर येतात. कोणी सूर्याच्या उन्हावर देश ओलांडतो, कोणी वनस्पतीच्या तेलावर गाडी घेऊन हिमालयात जातो. बातम्यांचा सूर असा, की हे सगळे काल-परवा सुरू झाले. पण दख्खनच्या मुरमाड वाटांवर आणि चिकट काळ्या मातीत झाडापासून काढलेल्या इंधनावर मोटारी धावल्या त्याला ऐंशी वर्षे झाली. त्या चालवणाऱ्यांना त्यात काही साहस वाटत नव्हते. त्यांच्यापुढे दुसरा इलाज नव्हता.

निजामाच्या रेल्वेने रस्ता वाहतुकीचे खाते १९३२ साली काढले. सुरुवातीला बसगाड्या २७ आणि माणसे १६६. आपल्याकडच्या एस.टी.ची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली ती १ जून १९४८ रोजी, म्हणजे सरकारी मोटारीच्या बाबतीत निजाम आपल्यापुढे सोळा वर्षे होता. (बाकी बाबतींत किती मागे होता हा वेगळा लेख होईल.) त्या काळचा रस्ता म्हणजे शहराबाहेर पडले की मुरूम, पुढे गाडीवाट, आणि पावसाळ्यात नाल्याला पाणी आले की उतार मिळेपर्यंत काठावर मुक्काम. आज ज्याला 'ऑफ-रोड' म्हणून हौसेने पैसे मोजतात तो तेव्हाचा रोजचा प्रवास होता.

मग दुसरे महायुद्ध आले. पेट्रोलवर रेशन बसले, १९४२ त ब्रह्मदेश पडल्यावर तिथल्या तेलविहिरीही हातच्या गेल्या. तेव्हा हिंदुस्थानभर मोटारींच्या पाठीला लोखंडी पिंपे लटकू लागली. हीच ती कोळशाची मोटार. माझे आजोबा तरुणपणी सावंतवाडी-बेळगाव मार्गावर अशा गाडीतून गेले होते, आणि आंबोली घाटाची ती कथा ते इतक्या वेळा सांगत की आम्हा मुलांना पाठ झाली होती. पहाटे अंधारात क्लीनर येई, पिंपात लाकडी कोळसा भरी, खालून विस्तव लावी आणि बाजूच्या पंख्याचा हँडल फिरवत बसे. लोहाराचा भाता आठवावा. पंधरा-वीस मिनिटे असा घाम गाळल्यावर नळीच्या तोंडाशी वात धरून बघायचे. निळसर ज्योत पेटली तर गॅस तयार, नाहीतर पुन्हा पंखा. चढ आला की गाडी धापा टाकी, उतारू खाली उतरत, धडधाकट असतील ते ढकलत. 'तिकीट काढून ढकलायला गेलो होतो' हे आजोबांचे ठरलेले वाक्य. त्यावर आजी दर वेळी हसायची, हे विशेष.

त्या पिंपात घडत होते ते असे. कोळशाला पुरेशी हवा दिली तर तो पूर्ण जळून जातो. हवा मोजकीच दिली तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, थोडे पाणी मिळाले तर हायड्रोजनही, आणि हे दोन्ही वायू जळणारे. ते थंड करायचे, राख व धूळ गाळून काढायची आणि इंजिनात सोडायचे. हवेतला नायट्रोजन सोबत येतोच, त्यामुळे गॅस पातळ आणि इंजिनची ताकद पेट्रोलच्या मानाने तीस ते पन्नास टक्क्यांनी कमी. साधारण दीड किलो कोळसा एक लिटर पेट्रोलची जागा घेई. गाळणी नीट साफ केली नाही तर राख सिलिंडरात जाऊन इंजिन घासून निघे. शिवाय कार्बन मोनॉक्साइड हे विष, त्याला वास नाही. बंद गॅरेजात भट्टी पेटवणे म्हणजे यमाला आमंत्रण.

युरोपात हेच चालले होते, किंबहुना जास्तच. स्वीडनमध्ये युद्धाच्या ऐन काळात बहुतेक मोटारी लाकूड-कोळशावरच धावत. जगभर मिळून अशा गाड्यांची संख्या दहा लाखांच्या घरात गेली असे मानतात. १९४५ नंतर पेट्रोल मोकळे झाले आणि बघता बघता पिंपे भंगारात गेली. कोणाला हळहळ वाटली नाही. वाटण्याचे कारणही नव्हते, हँडल फिरवणाऱ्या क्लीनरला तर नक्कीच नाही.

इथे मला एक गोष्ट खटकते. लाकडी कोळसा 'पुन्हा उगवणारे' इंधन खरे, पण मातीच्या भट्टीत एक किलो कोळसा पाडायला चार-पाच किलो, कधी त्याहून जास्त लाकूड लागते. तोडलेले झाड पुन्हा उगवले तरच ते इंधन अक्षय्य. युद्धाच्या घाईत झाडे लावत कोण बसतो? आपल्या सह्याद्रीच्या रानांतही कोळसा पाडणाऱ्यांच्या भट्ट्या होत्या, त्यांच्या जागा अजून जाणती माणसे दाखवतात.

हैदराबादच्या मुलखात याहून जुना एक प्रयोग होता, मोहाचा. आमच्या गोव्यात जे स्थान काजूच्या बोंडाला तेच तिकडच्या जंगलपट्ट्यात मोहाच्या फुलाला. वाळवलेल्या फुलात निम्म्याहून जास्त साखर असते, त्यामुळे दारू उत्तम उतरते हे आदिवासींना शतकानुशतके ठाऊक. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गिल्बर्ट फाउलर या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली मोहाच्या फुलाच्या जीवरसायनावर मोठे काम झाले आणि १९२० मध्ये संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लेखकांच्या यादीत भाटे हे आडनाव पाहून बरे वाटले. त्या सुमारास पेट्रोलऐवजी मोहाचे स्पिरिट मोटारीत घालण्याचे मनसुबे चालले होते. एक टन सुक्या फुलांपासून सुमारे ९० गॅलन स्पिरिट निघते असा हिशेब होता. एकट्या हैदराबाद संस्थानातील मोहाची झाडे स्थानिक दारूची गरज भागवून वर्षाला सात लाख गॅलन स्पिरिट देऊ शकतील, असाही अंदाज तेव्हा बांधला गेला. दारूची गरज आधी, मोटार नंतर, हा क्रम मला फार प्रामाणिक वाटतो.

कागदावरचे ते सात लाख गॅलन रानातून गोळा करणार कोण? मोहाची फुले पहाटे गळतात, आणि ती एकेक करून वेचावी लागतात, तीही वर्षातले काही आठवडेच. ऊस मात्र एका जागी लावता येतो, एका जागी गाळता येतो. त्यामुळे मोटारीत घालायचे अल्कोहोल पुढे मळीतून आले. बोधनजवळ शक्करनगरला निजाम शुगर फॅक्टरी १९३७ साली सुरू झाली आणि चाळीसच्या दशकात तिथे 'पॉवर अल्कोहोल' तयार होऊ लागले. १९४८ मध्ये केंद्राने त्यासाठी कायदाही केला. तो २००० साली रद्द झाला आणि लगेच जानेवारी २००३ पासून पाच टक्के इथेनॉल मिसळण्याची योजना नऊ राज्यांत आली, त्यात गोवा होता. सरकारी विस्मरणाचा याहून चांगला नमुना शोधावा लागेल. आज पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. आपली धारबांदोड्याची संजीवनी मात्र २०१९-२० च्या सुमारास गाळप थांबवून बसली. तिथे इथेनॉल काढण्याच्या घोषणा आपण सर्वांनी ऐकल्या आहेत, त्यावर इथे जास्त लिहीत नाही.

पुन्हा तारनाक्याकडे येतो. हैदराबाद संस्थानाने १९४४ मध्ये शास्त्रीय व औद्योगिक संशोधनासाठी मध्यवर्ती प्रयोगशाळा काढल्या. १९५६ साली त्या केंद्र सरकारच्या संशोधन परिषदेकडे गेल्या, नाव पडले रीजनल रिसर्च लॅबोरेटरी. रिक्षावाले 'आरआरएल' म्हणत. १९८९ पासून ती भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था आहे. कोळसा आणि तेलबिया हे इथले जुने विषय. भारतीय खाद्यसंस्कृतीचा इतिहास लिहिणारे के. टी. अचया अनेक वर्षे याच प्रयोगशाळेत तेलांवर काम करत होते, हे त्यांची पुस्तके वाचणाऱ्यांना बहुधा माहीत नसते. पुढे करंज, मोगली एरंड अशा न खाण्याच्या तेलांपासून बायोडिझेल करण्यावरही इथे काम झाले.

तेलावर इंजिन चालवणे ही कल्पना डिझेल इंजिनाइतकीच जुनी. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. अडचण तेलाच्या दाटपणाची. ते इंजेक्टरच्या बारीक छिद्रातून नीट फवारले जात नाही, अर्धवट जळते, आत काजळी साठते. एकतर तेल तापवून पातळ करा, नाहीतर त्यात मिथेनॉल आणि थोडा अल्कली घालून त्याचे रूप बदला. तळाशी ग्लिसरीन बसते, वर राहते ते बायोडिझेल. आपल्याकडे करंजेल दिव्यात जळत होते, खरजेवर लावत होते. ज्यांच्या परसात करंज आहे त्यांना त्याचा कडू उग्र वास सांगायला नको. विज्ञान संस्थेच्या उडुपी श्रीनिवास यांनी करंजेलावर जनित्रे चालवण्याचा ध्यास घेतला आणि २००१ च्या सुमारास आपल्या शेजारच्या दांडेलीत एका फेरोअलॉय कारखान्याने आपले पाच जनित्रसंच करंजेलावर आणले. गोव्यातून दांडेलीला जंगल बघायला जाणाऱ्या किती जणांना हे कळले असेल?

यानंतर आली मोहिमांची लाट. जर्मन मोटारकंपनी डेमलर-क्रायस्लरने भावनगरची मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था आणि जर्मनीतले होहेनहाइम विद्यापीठ यांच्याबरोबर २००३ मध्ये मोगली एरंडाचा प्रकल्प हाती घेतला. २००४ च्या एप्रिल-मे महिन्यांत मर्सिडीजच्या दोन सी-क्लास गाड्या शंभर टक्के मोगली एरंडाच्या बायोडिझेलवर देशात सुमारे ५,९०० किलोमीटर फिरल्या. ऐन उन्हाळ्यात, आपल्या रस्त्यांवर, इंजिनात बदल न करता. पुढे हिमालयाच्या उंचीवरही चाचण्या झाल्या. कामगिरी मोठी होती, ती नाकारायचे कारण नाही. याच उत्साहात नियोजन मंडळाने एक कोटी हेक्टरांहून जास्त पडीक जमिनीवर मोगली एरंड लावण्याची स्वप्ने पाहिली. पडीक जमिनीत झुडूप जगते हे खरे निघाले. ते पाण्याविना, खताविना भरघोस बीही देते, हे मात्र खोटे निघाले. शिवाय सरकारी कागदावर 'पडीक' लिहिलेल्या बऱ्याच जमिनीवर कोणाची तरी गुरे चरत असतात. सत्तरी-सांग्यातल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

याच २००३ साली, मर्सिडीज निघण्याआधी, हैदराबादच्या उत्तरेला आदिलाबाद जिल्ह्यात पॉवरगुडा नावाच्या गोंड वाडीतल्या बायकांनी वेगळाच व्यवहार केला. आदिलाबाद म्हणजे तेलुगू, गोंडी आणि मराठी एकमेकींत मिसळलेला मुलूख, पैनगंगेच्या पलीकडे आपला यवतमाळ. तिथल्या बचतगटांनी करंजाची हजारो रोपे लावली होती, बी गोळा करून तेलाची घाणी चालवत होत्या. पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेची त्यांना साथ होती. ते तेल डिझेलची जागा घेऊन जेवढा कार्बन हवेत जाण्यापासून वाचवील, तो हिशेब करून १४७ टनांची ही 'बचत' त्यांनी ऑक्टोबर २००३ मध्ये जागतिक बँकेला विकली. बँकेची वॉशिंग्टनला परिषद होती, तिच्यासाठी विमाने आणि मोटारींनी केलेल्या धुराचे ते प्रायश्चित्त. मिळाले ६४५ डॉलर. त्या रकमेचे हसू येते आणि दुसऱ्या क्षणी येत नाही, कारण तेलाच्या या सगळ्या इतिहासात बी वेचणाऱ्या हाताच्या नावाने पावती फाटल्याचे मला दुसरे उदाहरण सापडले नाही. मोहाच्या सात लाख गॅलनांच्या अंदाजात त्या हातांचा रकाना नव्हता.

अलीकडचा एक प्रवास सांगतो. २०१६ साली नवीन राबेल्ली या अभियंत्याने डिझेलची जुनी रिक्षा घेऊन तिच्यात बॅटरी बसवली, टपावर सौरपट्टे लावले आणि फेब्रुवारीत बंगळूरहून निघाला. मुंबईहून जहाजाने इराण, मग तुर्कस्तान, मग युरोप, जवळजवळ दहा हजार किलोमीटर. पॅरिसला त्याचा पासपोर्ट आणि पाकीट चोरीला गेले, म्हणून लंडन थोडे लांबले. सप्टेंबरात तो पोचला. त्याला ना कोळसा लागला ना करंजेल, ढग आले की थांबायचे एवढेच. रिक्षाचे नाव 'तेजस'.

तारनाक्याच्या त्या फुटपाथवरून मी चार-पाच शेंगा उचलून आणल्या होत्या. एकीतले बी परसात पेरले, ते आता कमरेएवढे आले आहे. करंज फळायला चार-पाच वर्षे घेतो म्हणतात. शेजाऱ्याने विचारले, हे कशाला लावलेस, याचे फळ काही खात नाहीत. मी म्हटले, गाडीसाठी. त्याने माझ्या जुन्या स्कूटरकडे पाहिले आणि काही बोलला नाही.