पिंपळे सौदागर : दख्खनी खेड्यातील लोकसंख्या, जमीन आणि समाजरचना

प्रस्तावना :
ग्रामीण समाजाच्या इतिहासात एका लहान खेड्याच्या अभ्यासाला विशेष महत्त्व आहे. जिल्ह्याच्या आकडेवारीत जे दडून राहते, ते एका गावाच्या पाहणीत स्पष्ट होते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्यानजीकच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्या पाहणीच्या आधारे गावची माणसे आणि जमीन यांचा संबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जमिनीचे विभाजन :
या गावात १७७१ मध्ये सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते. पेशवाईच्या अखेरीस, १८१८ मध्ये, ते साडेसतरा एकरांवर आले आणि १९१४-१५ मध्ये अवघे ७ एकर उरले. १५६ खातेदारांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत विखुरलेली होती व त्यांपैकी ४६३ तुकडे एका एकराहूनही लहान होते. वारसाहक्काने प्रत्येक मुलाला समान वाटा मिळे. शिवाय हा वाटा प्रत्येक प्रतीच्या जमिनीत मागितला जाई. त्यामुळे क्षेत्र घटण्याबरोबरच ते विखुरलेही. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील व शहरातील मजुरी हा अनेक कुटुंबांचा आधार बनला.

समाजरचना :
सरासरीचे हे आकडे केवळ खातेदारांचे आहेत. दख्खनी गावगाड्यात पाटील, कुलकर्णी व कुणबी यांच्याबरोबरच सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, महार आदी बलुतेदार असत. त्यांचा निर्वाह प्रामुख्याने बलुत्यावर, म्हणजे शेतकऱ्याच्या खळ्यातील धान्यावर, अवलंबून असे. खातेदाराचे पीक घटले की त्याची झळ बलुतेदारांनाही पोहोचे. मात्र सरासरी धारणक्षेत्राच्या आकड्यात ती दिसत नसे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गाव-गाडा' (१९१५) या ग्रंथात या परस्परावलंबनाचे व त्यातील ताणांचे विस्तृत विवेचन आढळते. महार वतनदारांची स्थिती विशेष बिकट होती. तुटपुंज्या वतनाच्या मोबदल्यात त्यांना सरकारची व गावाची अखंड सेवा करावी लागे. ही कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ मध्ये झाला.

मतभेद :
डॉ. मान यांनी धारणक्षेत्राचा विचार कुटुंबाच्या किमान गरजांच्या दृष्टीने केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ च्या आपल्या निबंधात या भूमिकेवर आक्षेप घेतला. धारणक्षेत्र किफायतशीर आहे की नाही हे उपभोगावरून नव्हे, तर उत्पादनावरून, म्हणजे जमिनीशी श्रम व भांडवल यांचे प्रमाण पाहून ठरवावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. भांडवलाची उणीव व शेतीवरील अतिरिक्त श्रमशक्ती हे मूळ दुखणे असून औद्योगिकीकरण हाच त्यावरील उपाय होय, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

समारोप :
आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत असून तेथील शेतांच्या जागी निवासी इमारती उभ्या आहेत. तथापि, या गावाच्या इतिहासातून एक बाब स्पष्ट होते. खेड्याची लोकसंख्या केवळ शिरगणतीने कळत नाही. किती माणसे आहेत याबरोबरच जमीन कोणाकडे आहे, धान्य कोणाच्या हातून कोणाकडे जाते आणि गावाबाहेर कोणाला काम मिळते, हे पाहिल्यावरच त्या संख्येला सामाजिक अर्थ प्राप्त होतो.