आठ महिने मुलूखगिरी

माझे पप्पा येत्या ऑगस्टअखेर फौजेतून निवृत्त होतायत. १९९६ साली भरती, बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरमध्ये ट्रेनिंग, आणि आता सुभेदार म्हणून तीस वर्षं पूर्ण. वय ४९. पुण्यात माझ्या ऑफिसात या वयाचे लोक व्हाइस प्रेसिडेंट होतात. फौजेत या वयाला घरी पाठवतात.

जानेवारीत एका रविवारी त्यांचा फोन आला. "एक्सेलमध्ये हिशोब करून दे. गाडीतच राहायचं म्हटलं तर महिन्याला किती खर्च येईल?"

"कुठल्या गाडीत?"

"सेकंड हँड ईको बघितलीय. मी आणि तुझी आई. निघायचं. कन्याकुमारी, कच्छ, तवांग. परत यायची घाई नाही."

मी विचारलं, आईला सांगितलंत का? तर म्हणाले, "आधी आकडे येऊ देत."

आमच्या कोरेगाव तालुक्यात निवृत्त फौजी काय करतो ते ठरलेलं आहे. फंडाच्या पैशातून घरावर स्लॅब टाकतो, बोअर मारतो, मुलीचं लग्न करतो आणि सहा महिन्यांत कंटाळून बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो. फौजेतसुद्धा शेवटच्या वर्षात पुनर्वसनाचे कोर्स देतात ते पुढच्या नोकरीसाठीच. निवृत्त फौजी गाडी घेऊन देश हिंडायला निघालाय असं आमच्या गावानं बघितलेलं नाही. असं का, हा प्रश्न डोक्यात बसला. हिशोब बाजूला राहिला आणि मी इतिहासात शिरले.

खरं तर मराठी शिपाई हा मूळचा फिरस्ता. सभासदानं सतराव्या शतकाच्या शेवटी जिंजीला बसून शिवाजी महाराजांची बखर लिहिली. तिच्यात फौजेच्या वर्षाचं वेळापत्रक दिलेलं आहे. पावसाळ्याचे चार महिने लष्करानं आपल्या मुलखात छावणीला राहायचं. दसरा झाला की सीमोल्लंघन करून बाहेर पडायचं आणि आठ महिने परमुलखात मुलूखगिरी करायची. निघताना लहानथोर प्रत्येकाकडे काय काय आहे त्याची यादी करायची. परत आल्यावर पुन्हा झाडा घ्यायचा आणि जास्तीचं निघालं तर त्याचा हिशोब करायचा. बरोबर बायका न्यायच्या नाहीत, हेही त्यात आहे. छावणी हा शब्दच मुळी 'छावणे'वरून, म्हणजे पावसासाठी शाकारलेली जागा.

हे वेळापत्रक शेतीचं होतं. मृगाला माणूस शेतात हवा, पिकं निघाली की तो मोकळा. बहुतेक शिपाई शेतकरीच असल्यानं निवृत्ती नावाची वेगळी तारीख कशाला लागणार? एका दसऱ्याला माणूस निघाला नाही, की झाला निवृत्त. लढाईत मेलेल्याच्या मुलाबाळांसाठी 'बालपरवेशी' नावाची नेमणूक असायची, पण ठरावीक वर्षं भरल्याबद्दल मरेपर्यंत दरमहा पैसे, ही कल्पना तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हती.

ती आली कंपनी सरकारबरोबर, आणि त्यात कंपनीचा स्वार्थ होता. सुटा शिपाई धोकादायक असतो. ज्याला हत्यार चालवता येतं, मुलूख माहीत आहे आणि पोटाला काही नाही, तो उद्या कुणाच्याही बाजूनं उभा राहू शकतो. १८१७-१८ मध्ये कंपनीनं पेंढाऱ्यांवर मोहीम काढली आणि त्याच सुमारास पेशवाई बुडाली. ठिकठिकाणच्या फौजा मोडल्या आणि शिपाई घरी आले. त्याच्या कितीतरी आधी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, बंगालच्या फौजेतल्या जायबंदी आणि म्हाताऱ्या शिपायांना बिहारमध्ये भागलपूरच्या आसपास जमिनी देऊन कंपनीनं वसवलं होतं. पुढे पंजाबात कालवे खोदून नव्या वसाहती झाल्या, तिथंही पेन्शनरांसाठी जमिनी राखून ठेवल्या. सूत्र एकच: शिपायाला एका जागी रुजवायचा. रुजलेला शिपाई स्वतः शांत राहतो आणि आपला मुलगा भरतीला पाठवतो.

आपल्याकडे हे बघायचं तर दापोलीत. आज तिथं लोक कृषी विद्यापीठ आणि समुद्र बघायला जातात. पण त्या गावाला कॅम्प दापोली म्हणायचे ते १८१८ नंतर कंपनीनं तिथं छावणी बसवली म्हणून. नियमित फौज पुढे हलली, तरी म्हाताऱ्या शिपायांची पलटण तिथं राहिली आणि आजूबाजूला पेन्शनरांची वस्ती वाढत गेली. त्यात कोकणातले महार शिपाई बरेच होते.

इथं मला माझं मत थोडं बदलावं लागलं. पेन्शन म्हणजे दावं, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. पण गावकीची कामं करायची आणि गाव देईल त्या बलुत्यावर जगायचं, हीच ज्याची वाट होती, त्याला दरमहा सरकारकडून रोख रुपये मिळू लागले, तेव्हा गावाचं दावं सुटलं. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये फौजेतून निवृत्त झाले आणि दापोलीत राहिले. दोन वर्षांत त्यांनी अस्पृश्यतेवर प्रश्नांची सरबत्ती करणारं 'विटाळ विध्वंसन' छापलं. १८९०च्या दशकात सरकारनं महारांची भरती बंद केली, तेव्हा त्याविरुद्ध अर्ज लिहिणाऱ्यांतही ते होते. गावाच्या भाकरीवर जगणाऱ्या माणसाला हे करणं किती अवघड गेलं असतं, याचा विचार करा.

त्याच दशकात महूहून सुभेदार रामजी सकपाळ निवृत्त झाले आणि कुटुंब घेऊन दापोलीला आले. त्यांचा धाकटा भीमराव तेव्हा अगदी लहान होता. पण सुभेदार दापोलीत फार राहिले नाहीत. साताऱ्याला त्यांनी पुन्हा नोकरी धरली. पेन्शन होती, शिकणारी मुलंही होती. निवृत्त सुभेदारानं दुसरी नोकरी धरायची, ही आमच्या जिल्ह्यातली रीत निदान तेवढी जुनी आहे. पप्पा सुभेदार म्हणूनच निवृत्त होतायत आणि त्यांनाही लोक तेच विचारतात: "मग आता कुठं लागणार?"

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. पेन्शन सुरू झाली तसा सरकारला एक नवा प्रश्न पडला: पैसे न्यायला आलेला माणूस तोच आहे कशावरून? आणि तो जिवंत आहे ना? बंगालमध्ये हुगळीला विल्यम हर्शेल नावाचा अधिकारी होता. पेन्शनर मेल्यावरही त्याच्या नावावर दुसराच कुणी पैसे उचलू नये, म्हणून १८७७ मध्ये त्यानं पेन्शनरांच्या बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. आपण फोन उघडायला अंगठा टेकवतो, त्या कल्पनेच्या पूर्वजांत हुगळीचे हे पेन्शनर आहेत. मी तीन वर्षं लॉगिन आणि ऑथेंटिकेशनचा कोड लिहितेय, पण हे मला माहीत नव्हतं.

म्हणजे पेन्शनरानं ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, स्वतःच्या शरीरानिशी हजर राहायचं. ही हजेरी कालपरवापर्यंत चालू होती. माझे आजोबाही फौजी, नाईक म्हणून निवृत्त झालेले. दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी ते तालुक्याच्या बँकेत जात. पांढरा शर्ट, टोपी, छातीवर पदकं. जिवंत असल्याचं दाखवायला जाताना माणूस टापटीप हवा, असं म्हणत. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये 'जीवन प्रमाण' आलं आणि दाखला डिजिटल झाला. पण ठशाच्या यंत्रावर आजोबांचं बोट उमटेना. चाळीस वर्षं ऊस आणि खुरपं धरून बोटांच्या रेषाच गेल्या होत्या. एका वर्षी तीन खेपा झाल्या. काउंटरमागचा माणूस म्हणाला, "आजोबा, मशीन तुम्हाला ओळखत नाही." आजोबा काही बोलले नाहीत. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि बराच वेळ आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले.

२०२१ मध्ये चेहऱ्यावरून पडताळणीची सोय आली. पुढच्या नोव्हेंबरला मी आजोबांना अंगणात खुर्चीवर बसवलं, फोन समोर धरला आणि म्हटलं, डोळे मिटा-उघडा. पहिल्याच वेळी झालं. आजोबांचा विश्वास बसेना. "बँकेत जायचं नाही? मग कुठनंही होतंय म्हण की."

कुठूनही. पप्पांचा बेत कागदावर उभा राहतो तो या एका शब्दावर. पेन्शन खात्यात येणार, ते खातं फोनमध्ये. हयातीचा दाखला तवांगहूनही देता येईल, रेंज असेल तर. २००३ मध्ये माजी सैनिकांसाठी सुरू झालेल्या ईसीएचएसच्या कार्डावर देशभरच्या पॉलिक्लिनिकमध्ये उपचार मिळतात. बऱ्याच जिल्ह्यांच्या ठिकाणी सैनिकी विश्रामगृहं आहेत, तिथं माजी सैनिकाला स्वस्तात खोली मिळते. गाडीचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. म्हणून पप्पांनी सुताराकडून सुटी खोकी करून घ्यायचं ठरवलंय. ती जोडली की पलंग, सोडवली की सामान. कलम ४७ तर मला फारच आवडलं. परराज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवलीत, तर तिथं नव्यानं नोंदणी करावी लागते. फिरत राहिलात तर प्रश्नच येत नाही.

अडलं पैशावर. फौजेत पेन्शनच्या निम्म्यापर्यंतचा भाग विकता येतो. रक्कम एकदम हातात येते, तेवढी मासिक पेन्शन कमी होते आणि पंधरा वर्षांनी पूर्ववत होते. पप्पांना जास्तीत जास्त विकून गाडी घ्यायची होती. मी म्हटलं, धाकटीचं शिक्षण राहिलंय, घराचं कर्ज आहे, पूर्ण पेन्शन परत मिळेल तेव्हा तुम्ही चौसष्ट वर्षांचे असाल. ते चिडले. "तीस वर्षं कुणीतरी सांगेल तिथं गेलो. आता स्वतः ठरवून कुठंतरी जायचंय." फोन ठेवला. दोन रविवार फोन आला नाही.

त्या दोन आठवड्यांत मी एक वेगळाच हिशोब केला. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस नैमित्तिक रजा असते. प्रत्येक वर्षी सगळीच्या सगळी मिळाली असं धरलं, तरी तीस वर्षांत २७०० दिवस. साडेसात वर्षंसुद्धा भरत नाहीत. प्रत्यक्षात सगळी रजा कधीच मिळाली नाही. फॅमिली क्वार्टर मिळालं ते दोनदा, मिळून चार वर्षं. उरलेला सगळा काळ आईनं गावात काढला. सासूचं दुखणं, आमच्या शाळा, बोअरची मोटर, वाटणीचा दावा. मी इतिहासात शिपायाला बांधून ठेवणारं दावं शोधत होते. घरी जी बांधलेली होती, तिचा रकानाच माझ्या एक्सेलमध्ये नव्हता. आणि पप्पांनीही तिला अजून विचारलेलं नव्हतं.

मग गावी गेले आणि मीच आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मला वाटलं, आता म्हणेल की माणूस आत्ता कुठं घरी येणार होता. तसं ती म्हणालीही. "तीस वर्षं वाट बघितली ती ह्यांनी परत निघायला?" मग ताट बाजूला ठेवलं. "मला नको असं न्हाई. मी पंढरपूर आणि पठाणकोट सोडून काय बघितलंय? पण जून लागला की मी घरी. पेरणी, गौरी-गणपती, नवरात्र इथंच. दसऱ्याला सोनं वाटून झालं की कुठंबी चला. आणि पेन्शन अर्धी विकायची न्हाई. त्यांना सांग."

दसऱ्यानंतर आठ महिने बाहेर, पावसाळ्यात घरी. तिनं सभासदाचं नावही ऐकलेलं नाही. तिच्यापुढे फक्त शेत होतं, आणि ते वेळापत्रक मुळात शेतातूनच तर आलेलं. बखरीतला एकच नियम तिनं मोडला: या मुलूखगिरीत बाईमाणूस बरोबर आहे.

पप्पांना मी फोनवर सांगितलं. बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "किती विकायची म्हणते ती?" आम्ही गाडीपुरती आणि थोडी शिल्लक, एवढ्यावर आलो. सबंध वर्षाच्या फिरस्तीचं त्यांचं स्वप्न आठ महिन्यांवर आलंय आणि त्यांना ते थोडं लागलंय, हे आवाजात कळतं. ऑक्टोबरपासून तीस वर्षांत पहिल्यांदा दोघं एका ईकोत सलग राहणार आहेत. जमेल का, मला माहीत नाही. दोघांनाही माहीत नसावं.

माझं एक्सेल तयार आहे, पण ते कुणी उघडत नाही. आईनं शाळेच्या जुन्या वहीत यादी सुरू केलीय: स्टोव्ह, दोन पातेली, मिरचीची बरणी, पप्पांच्या बीपीच्या गोळ्या. शेजारी एक रकाना मोकळा सोडलाय. विचारलं तर म्हणाली, परत आल्यावर लिहायला. काय काय शिल्लक राहिलं ते बघायला नको?