जाम डिस्कला टाकी

पावसाळ्यात दोन ओली, गुळगुळीत ताटं एकात एक बसली की ओढून सुटत नाहीत. बाजूला सरकवली तर सुटतात. पालघर किंवा बोईसर-तारापूरकडच्या दमट हवेत जुना पीसी बरेच महिने बंद राहिला की त्याची हार्ड डिस्क ‘जाम’ होऊ शकते, तेव्हा तिचं दुखणं बऱ्याचदा हेच असतं. त्याचं इंग्रजी नाव ‘स्टिक्शन’, म्हणजे स्टॅटिक आणि फ्रिक्शन यांचा जोडशब्द.

या दुखण्याचं कूळ १९७३ सालचं. त्याआधी, १९५६च्या आयबीएम रॅमॅकच्या डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. तिची हेडं, म्हणजे माहिती वाचणारी-लिहिणारी टोकं, दाबून सोडलेल्या हवेवर अधांतरी राहत. १९७३ची आयबीएम ३३४० वेगळी निघाली. ३० अधिक ३० मेगाबाइटच्या मूळ आराखड्यावरून तिला ‘३०-३०’ विंचेस्टर रायफलीचं नाव पडलं. तिचं हेड अगदी हलकं. तबकडी फिरताना ते हवेवर तरंगे आणि ती थांबली की वंगणाचा पातळ लेप दिलेल्या तबकडीवरच उतरे. ही युक्ती सोपी होती. १९८०च्या ५ मेगाबाइटच्या एसटी-५०६ या डिस्कपासून ती छोट्या संगणकांत शिरली.

पुढे जास्त माहिती मावावी म्हणून हेड आणखी खाली आणलं, त्यासाठी तबकडी अधिक घोटली. जितकी घोटली तितकी ती हेडला चिकटू लागली. शिवाय अशा डिस्कची पेटी हवाबंद नसते. दाब सारखा राहावा म्हणून गाळणी लावलेलं बारीक भोक असतं. तिथून ओल सावकाश आत जाते, हेडखाली पाण्याचा थर धरतो आणि मोटर कण्हते, पण फिरत नाही.

१९९०च्या दशकात सापडलेला एक उपाय आजीच्या ओळखीचा आहे. गुळगुळीत झालेल्या जात्याला टाकी लावतात, तसा हेड उतरण्यापुरता तबकडीचा पट्टा लेसरने खरखरीत केला. पुढे अनेक डिस्कमध्ये हेड तबकडीबाहेरच्या उतारावर विसावू लागलं.

जुन्या डिस्कला मात्र मनगटच हवं. वीज देताना ती आडवी धरून, जातं फिरवावं तसा एक छोटा झटका द्यायचा. पेटी फिरते, तबकडी जडत्वाने जागीच राहते आणि हेड ताटासारखं सरकून सुटतं. आपटायचं नाही, धुळीत उघडायचं तर नाहीच. आणि फिरली, की बंद करण्याआधी सगळी माहिती उतरवून घ्या. पुन्हा फिरेलच याचा भरवसा नाही.