तंजावरची भिंत, इ. स. 1014

राजराज चोळाच्या राज्याचं 29वं वर्ष. तुम्ही राजराजेश्वराच्या आवारात उभे आहात. आज आपण ज्याला बृहदीश्वर म्हणतो तेच हे देऊळ. समोरचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, 200 फुटांहून उंच आहे. माथ्यावरचा सोन्यानं मढवलेला कळस राजानं चार वर्षांपूर्वी, राज्याच्या 25व्या वर्षी, 275व्या दिवशी दिला. कावेरीकाठच्या या भातखाचरांत जवळपास डोंगर नाही, म्हणजे हा सगळा ग्रॅनाइट लांबून ओढून आणलेला. वेरूळला डोंगर होताच, कोरत खाली उतरायचं होतं. इथे चिरा न् चिरा वर चढवावा लागला.

आता मान खाली घ्या आणि टाकीच्या आवाजाच्या दिशेनं चला. पाथरवट तमिळ अक्षरं खोदताहेत. आपण, थोरल्या बहिणीनं, राण्यांनी आणि इतरांनी देवाला जे दिलं ते सारं दगडावर यावं, अशी राजाची आज्ञा आहे. लूटही लपवलेली नाही. कल्याणीच्या चालुक्य सत्याश्रयाला हरवून आल्यावर राजानं वाहिलेली सोन्याची फुलं इथे नोंदलेली आहेत. दख्खनचा केवढा तरी मुलूख त्या सत्याश्रयाकडे होता.

पण माझं मन अडकतं ते उत्तरेच्या प्राकारापाशी. तिथे 400 नर्तकींची नावं आहेत: कोण कुठल्या देवळातून आणली, कुठल्या आळीत कितवं घर मिळालं. प्रत्येकीला एक वाटा, वर्षाला 100 कलम (धान्याचं तमिळ माप) भात. त्यांना इथे यायचं होतं का, हे मात्र कुणी खोदलेलं नाही. पुढे नंदादीपांचा हिशेब लागतो. एका दिव्यामागे 96 मेंढ्या, आणि त्या सांभाळणाऱ्या धनगरानं रोज एक उळक्कु (हेही मापच) तूप आणून द्यायचं. त्या धनगराचं नाव आहे, त्याच्या जामिनांचीही आहेत. एवढ्या बलाढ्य राजाच्या देवळात धनगराचं नाव दगडावर यावं, हे मला त्या विमानापेक्षा मोठं वाटतं.

पुढे याच आवारात 1803 मध्ये तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांनी आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तंजावरला गेलात तर तो जरूर वाचा. आणि तमिळ वाचणारं कुणी सोबत असेल, तर त्या 400 जणींपैकी निदान दहाजणींची नावं मोठ्यानं वाचून घ्या.