शिराझचा माती खाणारा रुग्ण

1958 साली इराणमधल्या शिराझच्या सादी रुग्णालयात आलेला तो रुग्ण 21 वर्षांचा होता, पण दिसायचा जेमतेम दहाचा. वयात आल्याची एकही खूण अंगावर नव्हती. यकृत आणि पानथरी वाढलेली, कातडी खरखरीत, तीव्र रक्तक्षय. खाणं म्हणजे कोंड्यासकट दळलेल्या गव्हाची रोटी. मांसाहार नावालाही नाही. वर रोज सुमारे अर्धा किलो चिकणमाती.

माती खाण्याचं आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. कुणाला मातीचे डोहाळे लागतात, कुणी शाळकरी पोर पाटीची पेन्सिल कुरतडतं. पण अर्धा किलो!

हा रुग्ण डॉ. जेम्स हालस्टेड यांनी ज्यांच्यापुढे आणला, ते आनंद प्रसाद बिहारमधल्या बक्सरचे, पाटण्यात वैद्यकी शिकून अमेरिकेत गेलेले आणि तिथून नुकतेच शिराझला आलेले. थोड्याच काळात तसेच आणखी दहा रुग्ण मिळाले. रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा आहे हे उघड होतं, पण रक्तस्राव तर कुठेच दिसत नव्हता. शिवाय लोह कमी पडलं म्हणून वाढ खुंटते आणि वयात येणं थांबतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं नव्हतं. जस्त तोडलं की उंदरांमध्ये मात्र नेमकं हेच होतं, आणि ही गोष्ट 1934 पासून माहीत होती. पुढे शिराझच्या रुग्णांना लोहाबरोबर चांगला आहार मिळाला, तेव्हा त्यांची वाढ सुरू झाली आणि रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज वाढलं. हे विकर जस्तावर चालतं. 1961 मध्ये प्रसाद, हालस्टेड आणि त्यांचे सहकारी नदीमी यांनी हे सारं प्रसिद्ध केलं.

पटलं मात्र थोड्यांनाच. जस्त जगात सगळीकडे आहे, माणसाला ते कमी पडेलच कसं, हा त्या वेळचा सर्वसाधारण समज.

शरीराचा हिशेब पाहिला की या समजातली गफलत कळते. लोह लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, ट्रान्सफेरिन त्याला रक्तातून वाहून नेतं आणि उरलेलं यकृतात फेरिटिनमध्ये साठून राहतं. ते बाहेर टाकण्याची खास सोय शरीराकडे नाही, हे मॅकान्स आणि विडोसन यांनी 1930 च्या दशकातच दाखवलं होतं. जस्ताचं उलट. रक्तात ते मुख्यतः अल्ब्युमिनला धरून फिरतं. अंगात 2 ते 3 ग्रॅम असतं खरं, पण बहुतेक स्नायू आणि हाडांत गुंतलेलं. गरज पडली म्हणून काढून वापरावं असं कोठार नाही. आणि विष्ठेवाटे ते रोज थोडं थोडं जातच असतं. म्हणजे रोजचं रोज मिळालं पाहिजे.

शिराझच्या खेड्यांत मिळत होतं, पण अंगी लागत नव्हतं. न आंबवलेल्या रोटीच्या कोंड्यातलं फायटेट लोह आणि जस्त दोन्ही पकडून ठेवतं, आणि पकडलेलं आतड्यातून तसंच बाहेर जातं. पीठ आंबवलं की फायटेट बरंच मोडतं. धान्याला, कडधान्याला मोड आणण्यानेही हेच साधतं, आणि मटकी-मुगाच्या बाबतीत मराठी स्वयंपाकघर ते करत आलंच आहे. जॉन राइनहोल्ड यांनी 1971 मध्ये इराणी खेड्यांतल्या रोट्यांमधलं फायटेट मोजून दाखवलं. पोटात गेलेली चिकणमातीही जस्त अडवते, हा संशय होताच.

निर्णायक पुरावा मिळाला तो मात्र इजिप्तमध्ये. कैरोतल्या अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय संशोधन केंद्रात प्रसाद यांना तसेच खुजे तरुण भेटले. ते माती खात नव्हते. त्यांच्या पोटात जंत होते. रक्त आणि केस, दोन्हींत जस्त कमी निघालं. जस्त दिल्यावर काही जण वर्षभरात पाच-सहा इंच वाढले, काही महिन्यांत वयातही आले. नुसतं लोह मिळालेल्यांची वाढ तितकी झाली नाही.

1974 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने जस्ताची रोजची गरज ठरवून दिली. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी जुलाब झालेल्या मुलांना ओआरएसबरोबर 10 ते 14 दिवस झिंक देण्याची शिफारस केली. आपल्याकडच्या आशाताई आज हेच करतात: सहा महिन्यांवरच्या बाळाला 20 मिलिग्रॅमची गोळी, त्याहून लहानाला अर्धी, चमच्यात पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून, आणि जुलाब थांबले तरी 14 दिवस पुरे करायचे.