वारणाकाठच्या नोंदी आणि यंत्राचे अध्ययन

पन्हाळा तालुक्यातील कोडोली आणि तिच्या लगतचे वारणानगर यांचा अर्वाचीन इतिहास हा बव्हंशी उसाचा इतिहास होय. आणि उसाच्या व्यवहारात नोंदीला पिकाइतकेच महत्त्व असते. लागण आडसाली की सुरू, जात कोणती, तोडीचा परवाना केव्हा, वजन किती भरले, ह्यांवरच सभासदाचे बिल ठरते. १९९८ साली केंद्र व राज्य शासन आणि वारणा सहकारी समूह यांनी कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांसाठी संगणकयोजना हाती घेतली. तिच्या प्रवर्तकांची अपेक्षा मोठी होती: पीकपद्धती, रोगराई, बाजारभाव यांची माहिती गावातच मिळून शेतकऱ्याचे निर्णय सुधारावेत. प्रत्यक्षात केंद्रांचा उपयोग मुख्यतः परवाना, वजन आणि खत यांपुरताच राहिला. २००६-०७ मध्ये सात गावांत संगणकाऐवजी भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांचा प्रयोग झाला, तोही ह्याच हिशेबी कामांसाठी. ह्यात शेतकऱ्याचे मागासलेपण पाहणे चुकीचे ठरेल. त्याला जे हवे होते ते त्याने घेतले.

अशा साठलेल्या नोंदींवरून यंत्राला निर्णय शिकविता येईल, असे आता म्हटले जाते. ह्या संदर्भात कोल्हापुरातच जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ व. शं. हुजूरबाजार (१९१९-१९९१) यांचे स्मरण होते. केंब्रिज येथे हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले आणि पुढे पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्र विभाग उभा केला. त्यांच्या आस्थेचा एक विषय म्हणजे फिशरप्रणीत ‘पर्याप्त’ सारांश: ज्यात मूळ सामग्रीतील उपयुक्त माहितीपैकी काहीच गळत नाही, असा सारांश. मात्र सारांश पर्याप्त असतो तो एका विशिष्ट प्रश्नापुरता. वारणेच्या नोंदी बिलासाठी पर्याप्त होत्या. निर्णय शिकण्यासाठी त्या तशा नव्हेत. कारण हिशेबाच्या वहीत घडलेले उतरते, न निवडलेला पर्याय उतरत नाही.

विल्यम थॉम्प्सन यांनी १९३३ सालीच दाखविले होते की, दोन उपचारांपैकी चांगला कोणता हे ठरविताना कमी आशादायक वाटणाराही अधूनमधून वापरून पाहावा लागतो. (‘अंदाज’ आणि ‘तिरंदाज’ या शब्दांत एकच फारसी घटक आहे, हे येथे सहज आठवते: नेम धरावयाचा, पण बाण सोडल्यावाचून कळावयाचे नाही.) १९८८ मध्ये पीटर व्हिटल यांनी अधिक कठीण प्रश्न हाताळला: ज्या पर्यायाकडे आपण पाहात नाही, त्याचीही स्थिती दरम्यान बदलत असेल तर? एक एकर को. ८६०३२ आणि शेजारचे अर्धे एकर नव्या जातीचे ठेवणारा शेतकरी थॉम्प्सनचा प्रश्न सोडवीतच असतो. पाणी व जमीन दरसाल बदलू लागली की तो व्हिटलच्या प्रश्नात येऊन पडतो.

वारणाकाठी हा बदल काल्पनिक नाही. २००५, २०१९ आणि २०२१ साली कोल्हापूर जिल्ह्यात महापूर आले. पुराच्या साली एखाद्या शेताचा उतारा घसरला, तर दोष जातीचा, पाण्यात बुडून राहिल्याचा, की वाट खचल्याने तोड लांबल्याचा? वजनाची पावती हे सांगू शकत नाही. अशा पावत्यांवर शिकलेले यंत्र बुडालेल्या शेतातील जातीला निकृष्ट ठरवील, आणि त्याच्या सल्ल्याने ती जात एकदा सोडली गेली की चूक दुरुस्त करणारी पावती फाडलीच जाणार नाही. ज्यांच्या शेतात तोडीची टोळी उशिरा पोहोचते त्यांच्यावर हा भार अधिक पडेल. पाणी किती दिवस उभे होते, तोड कशामुळे लांबली आणि दुसरी कोणती जात विचारात होती, ही तीन उत्तरे लागणीच्या नोंदीशेजारी लिहून ठेवण्यास नव्या यंत्राचीही गरज नाही. गावचा चिटबॉय ती आजही विचारू शकतो.